वीस लिटरचा डबा

सव्वीस वर्षं मी विज्ञान शिकवतो आणि मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागून कळलं की लोक डोळे मोठे करतात. सर, तुम्हाला पोहता येत नाही? मग ते तरंगणं, उत्प्लावक बल, आर्किमिडीज, ते कसं काय शिकवता? शिकवतो, फळ्यावर शिकवतो. खडू हातात असला की मला समुद्रसुद्धा पार करता येतो.

माझं नाव सिद्धोधन. जिंतूर तालुक्यात, चारठाण्याच्या रस्त्याला लागून असलेल्या एका खेड्यातल्या शाळेत मी नोकरीला लागलो आणि तिथंच राहिलो. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आता कुणी परभणीत रिक्षा चालवतात, कुणी बँकेत आहेत, दोघं-तिघं तर माझ्यासारखेच मास्तर झाले, बिचारे. राजेश्री त्यातलीच एक. पहिल्या बाकावर बसायची आणि प्रत्येक वाक्याला 'कामून?' विचारायची. मला राग यायचा. शाळा सुटल्यावर वाटायचं, हीच एकटी शिकतेय, बाकीचे नुसते बसलेत.

बारावी झाल्यावर तिचं लग्न गावातच झालं. नवरा हरिओम पुण्यात कंपनीत. इकडं ती, सासू धुरपताबाई आणि मुलगी अपेक्षा. तीन एकर मोसंबी ती एकटीच्या जिवावर सांभाळायची. बागेच्या वरच्या अंगाला शेततळं होतं, शंभर फूट लांब, ऐंशी फूट रुंद. आत काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, कारण आमच्या मातीत पाणी मुरून जातं. त्या कागदाला ते घर तळहातावरच्या फोडासारखं जपायचं. बांधावर चपला घालून चढायचं नाही, शेळी फिरकू द्यायची नाही, खुरपं-विळा तर लांबच ठेवायचा. भोक पडलं की उन्हाळा संपला.

मे महिन्यात तिचा फोन आला.

"सर, डीपी जळून नऊ दिवस झाले, लाइटच न्हाई. लाइनमन आज येतो, उद्या येतो म्हणायलाय. तळ्यात पानी हाय आन् खाली बाग वाळायली. मोटरीबिगर पानी काढता येतंय का वो?"

"येतं की. सायफननं. नववीत काय झोपली होतीस?"

"न्हाई सर. सायफन तुमीच ऑप्शनला टाकला व्हता."

खरं होतं. मी मोठ्यानं हसलो. इतक्या वर्षांत कुणीतरी मला असा प्रश्न विचारला होता ज्याच्या उत्तरानं झाडं जगणार होती. मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या उन्हात मी मोटारसायकल काढली. बायको म्हणाली, ऊन उतरल्यावर जा. मी म्हटलं, झाडांना सांग ऊन उतरेपर्यंत थांबायला. अशी तिरकी उत्तरं देण्यात माझी हयात गेली आहे.

तळ्यात सात-एक फूट पाणी उरलं होतं. पाण्यापासून बांधाच्या माथ्यापर्यंत आठ फूट कोरा, काळा, तापलेला कागद, चांगला उतरता. मी राजेश्रीला बांधावर उभं करून शिकवायला सुरुवात केली. बाग पाण्याच्या पातळीपेक्षा पंधरा फूट खाली. पाईप बांधावरून पलीकडे न्यायचा, काठोकाठ पाण्यानं भरायचा आणि एक तोंड तळ्यात बुडवायचं. तळ्यावर हवेचा दाब आहेच, तो पाणी पाईपात ढकलतो, पलीकडच्या लांब बाजूचं पाणी आपल्या वजनानं खाली ओढतं आणि धार चालू राहते. अट एकच, पाईपात हवा राहता कामा नये.

"म्हणून तर येईना," ती म्हणाली. "मी तोंडानं वढून बगितलं सर. गाल दुखायले नुसते."

आम्ही पाईपाचा खालचा कॉक बंद केला आणि वरच्या तोंडातून हापशावरून आणलेलं पाणी बादलीनं ओतून पाईप भरला; थोडं कागदावरही सांडलं. आता कुणीतरी ते तोंड तळहातानं दाबून पाण्यापर्यंत न्यायचं होतं.

"सर, तुमी कागदावर उतरू नका. मला सवय हाय. मी उतरते, तुमी कॉक सोडा."

"तू कॉककडे जा. बुडबुडा आला तर तुला कळायचं नाही," मी म्हणालो. खरं म्हणजे पाणी पहिल्यांदा ओढलं जाताना मला स्वतःच्या हाताला जाणवायला हवं होतं. हौस, दुसरं काही नाही. ती थोडी घुटमळली, पण सरांपुढं किती बोलायचं म्हणून बांध उतरून खाली गेली.

बूट मी आल्या आल्याच काढले होते, त्या घराचा नियम म्हणून. पायमोजे मात्र काढले नव्हते, कागद तापलेला होता. नायलॉनचे पायमोजे, ओला कागद आणि हातात पाण्यानं भरलेला जड पाईप. घर्षण नावाचा धडा मी दरवर्षी जुलैत घेतो.

दोन पावलं नीट गेलो. तिसऱ्याला पाय असा गेला की ओरडायलाही वेळ मिळाला नाही. डोक्यावरून पाणी गेलं, कानात कळ आली, पाय तळाच्या कागदाला लागले आणि तिथूनही घसरले. वर आलो तेव्हा तोंडातून फक्त पाणी निघालं. हात मारत काठाला आलो, कागदाला नखं लावली. कागद गुळगुळीत. वर चढायचा प्रयत्न केला की पोटावर घसरत पुन्हा आत. तीन वेळा तसं झालं आणि तिसऱ्या वेळी मला कळलं की मी मरणार आहे. घाबरलो नाही असं म्हणणारे खोटं बोलतात. मी आईला हाक मारली, पंचावन्नाव्या वर्षी.

राजेश्री धावत वर आली. बांधावर वीस लिटरचा एक रिकामा डबा होता, झाकण घट्ट लावलेला, कुणी पडलं तर धरायला म्हणून ठेवलेला. त्याला बांधलेली दोरी उन्हानं केव्हाच कुजून गेली होती. तिनं डबा माझ्याकडे फेकला. वाऱ्यानं तो मधे सरकला. मी त्याच्याकडे हात मारले आणि पुन्हा खाली गेलो.

तेव्हा तिनं उडी मारली. साडी नेसलेली, अंगावर हरिओमचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल. लहानपणी माहेरच्या विहिरीत पोहायला शिकली होती, तेवढ्याच्या भरवशावर. तिनं डबा ढकलत माझ्यापर्यंत आणला, माझ्या काखेत कोंबला आणि स्वतः दुसऱ्या बाजूनं धरला.

"धरा सर. घट्ट धरा. आत्या! आत्याऽऽ!" ती सासूला हाका मारू लागली.

बुडणारा माणूस काय करतो ते मी तेव्हा केलं. डब्यावर चढायला बघितलं. छाती बाहेर काढायची, खांदे बाहेर काढायचे, होईल तितकं पाण्यातून वर यायचं. मी वर येई तसा डबा खाली जाई. तिचं तोंड पाण्याखाली गेलं, ती खोकत वर आली. मग मी खाली गेलो. दोघांची अशी ओढाताण चालली होती आणि डबा बिचारा दोघांच्या मधे गुदमरत होता.

"सर," ती धापा टाकत म्हणाली, "डबा दोघाला पेलत न्हाई."

मी डब्यावर आणखी वर सरकायला बघितलं.

"ईस लिटरचा डबा हाय. ईस लिटर पानी सारतोय, म्हंजे ईस किलोच पेलणार. तुमीच शिकविलं. तुमचं नि माजं मिळून सव्वाशे किलो हुतंय."

ते गणित मीच शिकवलं होतं. डबा जेवढं पाणी बाजूला सारतो तेवढंच वजन पेलतो, हे अगदी बरोबर. तिला त्या धड्यात पैकीच्या पैकी मार्क होते. पण माणूसही पाणी बाजूला सारतो, हे मी कधी वेगळं करून सांगितलं नव्हतं. सत्तर किलोचा माणूस गळ्यापर्यंत पाण्यात असला की त्याचं जवळजवळ सगळं वजन पाणीच पेलून धरतं. डब्यावर येतं ते फक्त बाहेर राहिलेल्या डोक्याचं, चार-पाच किलो. आम्ही दोघं हनुवटीपर्यंत पाण्यात गप राहिलो असतो तर डब्याला फार तर दहा किलो पेलायचे होते. त्यानं आम्हाला संध्याकाळपर्यंत धरलं असतं.

हे मला माहीत होतं. त्या क्षणीही माहीत होतं, कारण ती 'सव्वाशे' म्हणाली तेव्हा माझ्या डोक्यात वर्गातल्यासारखं लख्ख उमटलं, चूक, पुन्हा कर. म्हणायला चार शब्द पुरे होते. राजेश्री, सोडू नको. नुसतं हनुवटीएवढं राहा.

"मी कडेला जाते, पाईप धरून वर चढायला येतंय का बघते," ती म्हणाली. "तुमी हालू नका." आणि तिनं डब्यावरचा हात काढला.

डबा वर आला. माझं तोंड, मान पाण्याच्या बाहेर आली. मी श्वास घेतला.

ती पोहत कडेला गेली तेव्हा साडी तिच्या मागं फुगून पसरली होती. पाईप तिनं ओढला तर तो सगळाच सरकत तळ्यात आला. वर तो कशालाच बांधलेला नव्हता, आणि ते बघायचं काम माझं होतं. ती कागदावर पालथी पडून चढू लागली, हातभर चढली आणि घसरून आत आली. पुन्हा चढली. ओली साडी पायात गुंतत होती. मी वीस फुटांवर डबा कवटाळून बघत होतो. पाय मारायचंही सुचत नव्हतं.

एवढ्यात धुरपताबाई बांधावर आल्या. गवत कापायला गेल्या होत्या. हातात विळा होता, डोक्यावरचा भारा वाटेतच टाकून पळत आलेल्या.

"आगं माय माय माय! राजे! आता काय करू वो!"

"आत्या, नळी टाका! नळी!" राजेश्री ओरडली.

बांधाच्या कडेला ठिबकच्या जुन्या काळ्या नळ्यांची वेटोळी पडली होती. म्हातारीनं विळा बांधाच्या मागच्या उताराला ठेवला, कागदापासून लांब, सवयीनं. एका नळीचं टोक खाली सोडलं, दुसरं हाताला गुंडाळलं आणि कुंपणाच्या लोखंडी खांबाला पाय लावून बसली. राजेश्रीनं नळी मनगटाला वेढा देऊन धरली आणि निघाली वर.

मला ते लांबून दिसत होतं. नळी ताणली गेली. शाळेच्या कपाटात आमच्याकडे एक स्प्रिंग आहे. तिला पन्नास ग्रॅम लावले की ती इतकी लांबते, शंभर लावले की त्याच्या दुप्पट, आणि वजन काढलं की परत जागेवर जाते. पण एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा ओलांडली की स्प्रिंग लांबतच जाते आणि परत येत नाही. मी मुलांना स्प्रिंग कधी तेवढी ताणू देत नाही, कारण शाळेत ती एकच आहे. आता ती नळी बारीक होत चालली होती. काळ्याची करडी झाली, एके ठिकाणी पांढरी पडली. राजेश्री अर्ध्याच्या वर आली होती. आणखी दोन हात राहिले होते.

"दुहेरी करा!" मी ओरडलो. "बाई, नळी दुहेरी करा! एका नळीवर ताण येतोय! दुसरी टाका!"

केवढा आवाज निघाला माझा! छातीत भरपूर हवा होती. धुरपताबाईंनी माझ्याकडे बघितलं, त्यांना काही कळलं नाही, आणि त्या आणखी जोरानं ओढू लागल्या. जिथं पाणी ठिबकायचं भोक होतं तिथंच नळी तुटली.

राजेश्री पाठीवर घसरत खाली आली आणि डोक्याकडून पाण्यात गेली. एकदा वर आली. साडी तिच्या तोंडावर होती, हातानं ती बाजूला सारायला बघत होती. मी डबा घेऊन तिकडं जायला हवं होतं. वीस फूट. डबा छातीशी धरून नुसते पाय मारले असते तरी जमलं असतं. माझे पाय हलले नाहीत. पुन्हा तिचा हात वर आला, मग नाही आला. पाण्यावर थोडा वेळ बुडबुडे येत राहिले. म्हातारी बांधावर छाती पिटत होती आणि मी डब्याला आवळून, डोळे मिटून, मोठ्यानं रडत होतो.

शेजारच्या शेतातला दत्ता आरडाओरड ऐकून आला. त्यानं एका नजरेत बघितलं, पडलेला विळा उचलला आणि पाण्याच्या वरच्या अंगाला कागद टराटरा फाडला. खालची माती उघडी पडली. तिच्यात विळ्यानं पायाएवढे खड्डे केले, पायरीसारखे. दोन मिनिटांचं काम. तोवर डबा मला घेऊन कडेजवळ वाहत आला होता. त्या पायऱ्यांवर पाय रोवून त्यानं मला वर ओढलं. मग तो तिच्यासाठी आत उतरला. तिला काढायला त्याला बराच वेळ लागला.

फाटलेल्या कागदाकडे धुरपताबाई टक लावून बघत होत्या. विळा दत्तानं तिथंच टाकला होता.

जबाबात मी खरं तेच सांगितलं. मी पडलो, मला काढायला तिनं उडी मारली, तिला धाप लागली, नळी तुटली. पोलिसांनी लिहून घेतलं. गावानं मला दोष दिला नाही. उलट लोक म्हणाले, सर त्या बाईच्या मदतीला गेले होते, पाय घसरला, कुणाच्या हातात असतं? हरिओमनं तर माझे हात हातात घेतले. तेव्हा सगळं सांगावं असं मला वाटलं होतं. मी त्याला फक्त 'धीर धर' म्हणालो.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. धुरपताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"सर, एक इचारू का? तिनं डबा कामून सोडला?"

"ती म्हणाली, दोघांचं मिळून सव्वाशे किलो, डबा पेलत नाही."

"मंग पेलत न्हवता का?"

अंगणात माणसं बसली होती. अपेक्षा आत भिंतीकडे तोंड करून झोपली होती. ती त्या दिवशी परभणीला मावशीकडे होती, आईचं तोंडही तिला चितेवरच दिसलं. मी म्हातारीकडे बघितलं आणि म्हणालो,

"नाही, बाई. नसता पेलला. वजन जास्त झालं असतं."

मी मनाला सांगितलं की हे तिच्यासाठीच आहे. सून वाचू शकली असती हे कळून म्हातारीला काय मिळणार? असलं काहीतरी. माणूस स्वतःला फार लवकर पटवतो.

धुरपताबाईंनी मान हलवली. "मंग पोरीनं बराबरच केलं. चूक माजीच. इळा माज्या हातात व्हता, सर. दत्तानं केलं ते मला करता येत न्हवतं का? म्या इळा बाजूला ठिवला. कागद फाटंल म्हून." त्यांनी स्वतःचा उजवा हात उचलून माझ्यासमोर धरला. "ह्या हातानं ठिवला."

मी तिथून उठलो. त्या हाताचं ओझं निम्मं तरी मी घ्यायला हवं होतं, आणि मी ते सगळंच्या सगळं तिच्यावर ठेवून आलो.

जूनमध्ये शाळा उघडली. अपेक्षा आठवीत आली, आईच्याच बाकावर बसू लागली. आठवीला तिसरा धडा बल आणि दाबाचा. त्यात तरंगणं, बुडणं सगळं येतं. मी दुसरा धडा संपवला आणि चौथा काढायला सांगितला.

"सर, तिसरा राह्यला," तिच्या शेजारची पिंकी म्हणाली.

"नंतर घेऊ."

अपेक्षानं डोकं वर केलं नाही. शाळा सुटल्यावर मात्र ती दप्तर पाठीला लावून माझ्या टेबलासमोर येऊन थांबली. हातात वही होती.

"सर, आजी जेवत न्हाई. सकाळी एक भाकर, ती बी अर्धी. रात्री हात बगत बसती. म्हणती, इळा हातात व्हता." ती थांबली. "मी तिला म्हणलं, मायनं डबा धरूनच ठिवला असता तर इळा लागलाच नसता. तर म्हणती, सर म्हणले डबा पेलत न्हवता."

"हो," मी म्हणालो.

"काल आमी दत्ताकाकाच्या हौदात उतरलो. त्योच डबा घेऊन. मी आन् पिंकी. दोघींनी डबा धरला आन् पाय वर घेतले. न्हाई बुडला. मंग दत्ताकाकाची कमलकाकू बी उतरली. तिगींनी पाय वर घेतले, हनुवटीपस्तोर पान्यात. तरी न्हाई बुडला." तिनं वही उघडून माझ्यासमोर धरली. नीट तक्ता आखला होता, मी शिकवतो तसा, पट्टीनं. "माझं अडतीस किलो. पिंकीचं एक्केचाळीस. काकूचं बासष्ट. एकशे एक्केचाळीस झाले. तुमचं नि मायचं तर सव्वाशेच व्हतं ना?"

मी तक्ता वाचला. शेवटच्या रकान्यात 'निष्कर्ष' लिहून तिनं जागा मोकळी ठेवली होती.

"मला कळंना सर," ती म्हणाली. "आमचं काय चुकलं?"

तिला माझ्यावर संशय नव्हता, हे मला सगळ्यात असह्य झालं. सर चुकत नसतात, प्रयोगच चुकला असेल, असं तिला प्रामाणिकपणे वाटत होतं. तिची आई इथंच उभी राहून अशीच वही पुढं करायची.

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणालो. "चल, घरी जाऊ. आजीशी बोलायचंय."

आम्ही चालत गेलो. धुरपताबाई दारात तूर निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, सतरंजी टाकायला उठू लागल्या. मी म्हटलं, नको, बसा. मी उभा राहूनच बोललो, बसलो असतो तर बोललो नसतो.

"बाई, मी तुमच्याशी खोटं बोललो. डब्यानं दोघांना पेललं असतं. चौघांना पेललं असतं. राजेश्रीचा हिशेब चुकला होता आणि मला ते तिथंच कळलं होतं. मी तिला सांगितलं असतं, सोडू नको, तर ती आज असती. तुमचा विळा नंतरचा आहे. तुम्ही आलात त्याच्या आधीच तिचं मरण ठरलं होतं, आणि ते माझ्यामुळं."

त्यांचा हात सुपात होता, तसाच राहिला. अपेक्षा माझ्या मागं उभी होती. तिच्याकडे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

मग म्हातारी बोलली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तिनं डबा सोडला, तवा तुमी काय करायलते, सर?"

"श्वास घेत होतो," मी म्हणालो.